जर्मनीत इलेक्ट्रिक गाडी तीन सेंटीमीटर खाली बसवण्याचा खटाटोप

फोक्सवागनची आयडी.३ बाजूने बघितली की पावसात धोतर वर खोचून निघालेल्या माणसासारखी दिसते. चाकं चांगली मोठी आहेत, पण त्यांच्या वर मडगार्डपर्यंत एवढी पोकळी की आडवी मूठ सहज आत जावी. माझी गाडी २०२१ची, ५८ किलोवॅट-अवर बॅटरीची, २०२३च्या ऑक्टोबरात सेकंडहँड घेतलेली. घेतल्यापासून ती पोकळी डोळ्यांत खुपायची. शिवाय आउटोबानवर पटकन लेन बदलली की गाडीचं वरचं अंग जरा जास्तच डोलायचं. कंपनीने सस्पेन्शन मऊ दिलंय ते आरामासाठी, त्याबद्दल तक्रार नाही. मला गाडी थोडी खाली आणि थोडी घट्ट हवी होती, तीही खिशाला परवडेल अशी.

काम झाल्यापासून स्टुटगार्टच्या आसपासचे मराठी मित्र "किती पडले?", "ट्युफने पास केली का?" (ट्युफ म्हणजे गाड्या तपासणारी संस्था) असं विचारतायत, आणि फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकतो. या विषयावर जी माहिती सापडते ती बहुतेक फोक्सवागनच्याच पेट्रोलवरच्या गोल्फ गाडीची असते. पान्याचं काम दोन्हीकडे जवळपास सारखंच. पण इलेक्ट्रिक गाडी वजनाने भारी, आणि त्या वजनामुळे कागदांचं काम बदलतं. स्वस्तातलं सस्पेन्शन खरोखर स्वस्त पडणार की नाही, हे कागदावरच्या एका आकड्यावर ठरतं. तो आकडा पुढे येईलच.

मी मूळचा कोल्हापूरचा. तिथे असतो तर एखाद्या शनिवारी उद्यमनगरात गाडी लावली असती, चहा पिऊन होईपर्यंत स्प्रिंगचे दोन वेढे कापून झाले असते आणि "दादा, आता बघा कशी दिसत्या गाडी" हे ऐकून घरी आलो असतो. (पहिल्याच स्पीडब्रेकरला बॅटरीचा तळ खरवडला असता, तो भाग वेगळा.) इथे गाडीला रस्त्यावर धावायची जी परवानगी असते, ती गाडी मूळ होती तशी आहे हे गृहीत धरून दिलेली असते. सस्पेन्शन बदललं आणि तपासून घेतलं नाही, तर ती परवानगी संपली असं धरतात. हे सगळं एसटीव्हीझेडओ नावाच्या वाहन नियमावलीच्या १९व्या कलमात आहे. पोलिसांनी अडवलं तर दंड होईल, तो भरता येतो. पण अपघात झाला आणि विमा कंपनीने पैशांसाठी आपल्याकडे बोट दाखवलं, तर काय करणार? मला भीती होती ती त्याची.

मी हे काम केलं तेव्हा, २०२४मध्ये, यातून सरळ वाट काढून देणारा कागद म्हणजे टायलेगुटआख्टेन होता. इथे सगळे नुसतं गुटआख्टेन म्हणतात. सुटा भाग बनवणाऱ्याने तो आधीच तपासून घेतलेला असतो, त्याचा हा अहवाल. कुठल्या गाडीला चालेल, कुठल्या टायरसोबत, किती वजनापर्यंत, किती खाली, हे सगळं त्यात असतं. भाग बसवला की लगेच ट्युफ, डेकरा, गेटेयू किंवा क्यूस यांपैकी कुठल्याही संस्थेच्या केंद्रावर जायचं. तिथला इंजिनिअर गाडी अहवालाशी ताडून बघतो आणि सही करतो. गुटआख्टेन नसेल तर २१व्या कलमाखाली तुमच्या एकट्या गाडीची स्वतंत्र तपासणी करावी लागते, आणि तिथे 'बजेट' हा शब्द विसरायचा. म्हणूनच अर्ध्या किमतीत दिसणारे बिनकागदाचे कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) मी बघायचेच सोडले.

जानेवारी २०२४ शोधाशोधीत गेला. पर्याय ढोबळमानाने तीन होते. नुसत्या स्प्रिंगा बदलायच्या, म्हणजे आयबाख किंवा एच अँड आर यांच्यासारख्यांच्या. खर्च सगळ्यात कमी, पण शॉकअप जुनेच राहतात, आणि माझी गाडी पन्नास हजार किलोमीटर पळालेली होती. दुसरा पर्याय केडब्ल्यू, बिलश्टाइन यांचे पूर्ण संच, हजार युरोच्या वरचे. तिसरा म्हणजे स्वस्त ब्रँडचा कॉइलओव्हर संच, पाचशे-साडेपाचशेच्या आसपास. कॉइलओव्हरला इथे गेविंडेफारवेर्क म्हणतात. शॉकअपच्या नळीवर आटे असतात, त्यावरची कडी फिरवून उंची कमीजास्त करता येते. मी तिसऱ्या पर्यायाकडे वळलो. त्यात शॉकअपचा कडकपणा कमीजास्त करता येत नाही, फक्त उंची. मला तेवढं पुरे होतं.

माझ्या गाडीत डीसीसी, म्हणजे विजेवर कडक-मऊ होणारे शॉकअप, नाहीत. असते तर साधा संच बसवल्यावर गाडीने बिघाडाचा दिवा लावून ठेवला असता, आणि तो विझवण्यासाठी वेगळे मॉड्यूल घ्यावे लागले असते. ज्यांच्या गाडीत डीसीसी आहे त्यांनी तो खर्च धरूनच हिशेब करावा.

आता तो आकडा. गाडीचा जो हिरवट कागद आपण पाकिटात ठेवतो, फार्त्सोइगशाइन, त्यावर ७.१, ७.२ आणि ८.१, ८.२ असे रकाने आहेत. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलवर जास्तीत जास्त किती भार चालेल, ते त्यात लिहिलेलं असतं. गुटआख्टेनमध्येही प्रत्येक अ‍ॅक्सलसाठी "अमुक किलोपर्यंत" अशी मर्यादा असते. अहवालातली मर्यादा तुमच्या कागदावरच्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त असायला हवी. एक किलो जरी कमी असेल तरी इंजिनिअर सही करणार नाही, आणि करूही नये. आयडी.३ला मोटर मागे, तळभर बॅटरी, त्यामुळे माझ्या कागदावर मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा बाराशे किलोंच्या वर आहे. साध्या हॅचबॅकला एवढा नसतो. वजन किती टोकाला गेलंय याचा अंदाज हवा असेल तर ७७ किलोवॅट-अवरची आयडी.३ आठवा. ती बाजारात आली तेव्हा चारच सीटची होती, कारण पाचवा माणूस धरला तर भाराच्या मर्यादेत बसत नव्हती.

दुकानांच्या वेबसाइटवर मात्र "आयडी.३साठी" एवढंच लिहिलेलं असतं. एका संचाचा अहवाल उघडून बघितला तर मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा माझ्या आकड्यापेक्षा खाली. म्हणजे तो संच छोट्या बॅटरीच्या गाडीला चालेल, मला नाही. जाहिरातीत ते कुठेच नव्हतं. म्हणून विकत घेण्याआधी अहवालाची पीडीएफ मागवा आणि तीन गोष्टी स्वतः ताडून बघा : गाडीचा प्रकार (रकाना डी.२), टाइप-मंजुरीचा क्रमांक (रकाना के) आणि अ‍ॅक्सलचे भार. पीडीएफ द्यायला जो विक्रेता कुरकुर करतो त्याच्याकडून घेऊ नका. मी निवडलेल्या संचाची पीडीएफ ईमेल केल्यावर दुसऱ्या दिवशी आली. भार जुळले, टायरच्या मापांत माझे मूळचे १८ इंची होते. ५४९ युरो भरून टाकले.

फेब्रुवारीच्या शेवटी ऑर्डर दिली. "एक ते दोन आठवडे" म्हणाले होते, खोकं आलं मार्चअखेर. मधल्या काळात मी टीफगाराजेचा, म्हणजे आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगचा, उतार मोजला. हे काम फार कुणी करत नाही, पण करायला हवं. आयडी.३ची पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून २.७७ मीटरवर आहेत. एवढ्या लांब गाडीचा मधला भाग उताराच्या माथ्यावर आला की सगळ्यात आधी टेकते ती बॅटरीची पेटी. एक सरळ फळी आणि मोजपट्टी घेऊन माथ्यावर बसलो. शेजारचे आजोबा आले, बराच वेळ बघत उभे राहिले आणि विचारलं, काही हरवलंय का? तीन-साडेतीन सेंटीमीटर खाली गेलं तरी जागा उरते, पण फार नाही, असं निघालं. पाच सेंटीमीटरचा मोह तिथेच सुटला.

यानंतरचं नियोजन उलट्या दिशेने करावं लागतं. नियमाप्रमाणे सस्पेन्शन बदलल्यावर तपासणी विनाविलंब व्हायला हवी, आणि तोवर गाडी फक्त त्याच कामासाठी रस्त्यावर आणता येते. "आधी बसवू, मग जमेल तेव्हा ट्युफला जाऊ" हे चालत नाही. तपासणीच्या आधी अलाइनमेंट झालेलं असावं लागतं. म्हणजे आधी तपासणीची वेळ घ्या, मग तिच्या आदल्या दिवसाची अलाइनमेंटची, मग त्याआधीची, गाडी वर उचलणाऱ्या लिफ्टची. मी पहिल्यांदा ज्या केंद्रात फोन केला तिथे बाईंनी वेळ लगेच दिली. मी सहज विचारलं, सस्पेन्शनच्या बदलावर सही करणारे साहेब त्या दिवशी असतील ना? फोन बाजूला ठेवून त्या विचारून आल्या. त्या दिवशी नव्हते. दर दोन वर्षांची नेहमीची तपासणी करणारे इंजिनिअर रोज असतात, पण बदलांची कामं बघणारे प्रत्येक केंद्रात रोज असतीलच असं नाही. दुसऱ्या केंद्रात १९ एप्रिल, शुक्रवारची सकाळ मिळाली. त्यांना अहवाल आणि फार्त्सोइगशाइनचा फोटो आधीच पाठवला. "कागदावर ठीक दिसतंय, गाडी आणा" असं दोन ओळींचं उत्तर आलं, आणि त्या रात्री झोप चांगली लागली.

विमा कंपनीलाही त्याच आठवड्यात ईमेल केली. हप्ता वाढला नाही, "नोंद घेतली" एवढंच आलं. ती ईमेल जपून ठेवा. गाडी लीजवर असेल तर लीज कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय पान्याला हात लावू नका. वॉरंटीबद्दल सगळे विचारतात. बॅटरीची ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी स्प्रिंग बदलली म्हणून संपत नाही. पण बदललेल्या भागामुळे काही बिघडलं तर ते तुमच्याच माथी.

बुधवारी, १७ एप्रिलला, मीटवेर्कश्टाटमध्ये लिफ्ट घेतली. भाड्याने लिफ्ट आणि अवजारं देणारं हे गॅरेज म्हणजे या देशातली मला सगळ्यात आवडणारी सोय. काम आपलं आपण करायचं, अडलं तर मालक येऊन बघतो. पण फोन करतानाच सांगा की गाडी इलेक्ट्रिक आहे. काही ठिकाणी घेत नाहीत. आमचा मालक साठी उलटलेला, स्वाबियन (म्हणजे स्टुटगार्टकडच्याच भागातला), बोलणं निम्मं कळतं. त्याची अट एकच : लिफ्टचे हात तो स्वतः लावणार. ते बरोबरच होतं. आयडी.३ला उचलायच्या चार जागा खुणेने दाखवलेल्या आहेत, आणि त्यांच्या आतल्या अंगाला लगेच बॅटरीची पेटी सुरू होते. लिफ्टच्या हाताचं रबर दोन बोटं आत सरकलं तरी भार पेटीवर येतो. त्याने चारही जागा टॉर्च मारून बघितल्या, गाडी वीतभर उचलली, पुन्हा बघितल्या, मग वर नेली.

उच्च दाबाच्या नारिंगी वायरींशी या कामाचा संबंध येत नाही. त्यांना हात लावायची गरज नाही आणि लावूही नये. दुसरी खबरदारी किल्लीची. ही गाडी सीटवर कुणी बसलं की जागी होते, त्यामुळे किल्ली मालकाच्या ऑफिसात ठेवून दिली.

मदतीला नागपूरचा मित्र होता. मागची बाजू सोपी गेली. तिथे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. चाकाला धरणारा खालचा दांडा, ज्याला हात म्हणतात, तो सोडून खाली घेतला की स्प्रिंग निघते. पुढे दोन्ही एकत्र, आणि वेळ खातं ते पुढचंच. पहिलीच अडचण स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंकची आली. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तीन हिवाळ्यांनी तो नट गंजून घट्ट बसवलेला. पाना लावला की नटासोबत आतला बॉलजॉइंटच फिरायचा. मित्र पंधरा मिनिटं झटला, मग वर बघून म्हणाला, "भाऊ, हे काहून सुटून नाही राहिलं?" मालक ग्राइंडर घेऊन आला आणि लिंक कापून मोकळी केली. नवी लिंक पलीकडच्या स्पेअरपार्टच्या दुकानात मिळाली. गाडी तीन-चार हिवाळे जुनी असेल तर दोन्ही लिंक आधीच आणून ठेवा, फार महाग नसतात.

शॉकअपचा खालचा भाग चाकाच्या हबमध्ये रुतलेला असतो. बोल्ट काढला तरी तो बाहेर येत नाही. फटीत एक छोटं अवजार घालून फट रुंद करावी लागते. हे अवजार आहे का, ते लिफ्ट घेतानाच विचारा. हातोड्याने ठोकाठोकी करून काम होतं असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. मग स्प्रिंग दाबून वरचं माउंट काढायचं, कारण स्वस्त संचात ते येत नाही, मूळचंच वापरायचं असतं. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये केवढी ताकद असते ते ती सुटल्यावरच कळतं, आणि ते कळून घेण्यात अर्थ नाही. मालकाकडे भिंतीला जोडलेला प्रेस होता. तो त्याने आम्हाला हाताळूच दिला नाही, स्वतः केलं. मी माउंट आणि बेअरिंग नवीन घातले. एवढं उघडल्यावर जुनं परत बसवणं जिवावर आलं. फोक्सवागनचे बरेच बोल्ट एकदाच वापरायचे असतात, आधी ठरावीक टॉर्क आणि वर ठरावीक अंश फिरवायचे, तेही नवीन घेतले. माउंट, लिंक, बोल्ट मिळून १६० युरो झाले. संच बघताना हा खर्च कुणी धरत नाही.

दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. स्प्रिंग आणि शॉकअपवर छापलेला क्रमांक बसवण्याआधी फोटो काढून ठेवा, आणि बसवताना तो बाहेरच्या बाजूला येईल असं बघा. तपासणीत इंजिनिअर तो वाचणार असतो. दुसरं, रबरी बुश असलेले बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. चाक लटकत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. एकतर जॅकने हात वर उचलून चालत्या उंचीला आणा, नाहीतर गाडी चाकांवर उभी करून आवळा. आम्ही जॅक वापरला.

उंची मोजताना जमिनीपासून मोजू नये. टायरमधली हवा आणि झीज आकडा बदलते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. काम सुरू करण्याआधीचे चारही आकडे मी लिहून ठेवले होते. कड्या अहवालातल्या हद्दीत ठेवून, गाडी खाली घेऊन, थोडी पुढेमागे करून पुन्हा मोजलं : पुढे ३३ मिलिमीटर कमी, मागे ३०. संध्याकाळ झाली होती. लिफ्टचं आणि अवजारांचं भाडं ९५ युरो. मालकाने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि नुसती मान हलवली. स्वाबियन माणसाकडून याहून मोठी दाद मिळत नाही असं ऐकून आहे.

गुरुवारी अलाइनमेंट, १३९ युरो. गाडी खाली आली की चाकं आत झुकतात आणि टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, बदलतो; तसंच चालवलं तर टायर आतल्या कडेने खाऊन जातात. इलेक्ट्रिक गाडीच्या वजनाला तर ते फारच लवकर होतं. मागे टो आणि झुकाव दोन्ही जुळवता येतात, पुढे मुख्यतः टो. आधीची आणि नंतरची छापील शीट मागून घ्या.

त्याच दुकानात काचेमागचा कॅमेरा आणि हेडलाइट यांची जुळवणी करून घेतली, १९० युरो. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांना हा खर्च नव्हता. आयडी.३चा लेन सांभाळणारा कॅमेरा गाडीची उंची आणि तिरकेपणा धरून अंतर ओळखतो. माझ्या हेडलाइटची पातळी सस्पेन्शनला जोडलेल्या सेन्सरवरून ठरते, आणि उंची बदलली की त्या सेन्सरचा शून्य पुन्हा शिकवावा लागतो. घरच्या स्वस्त स्कॅनरने हे जमेल असं मित्राचं मत होतं. पण या गाड्यांच्या कंट्रोल युनिटना एसएफडी नावाचं कुलूप असतं, ते उघडायला अधिकृत प्रवेश लागतो. दुकानाकडे होता.

शुक्रवारी सकाळी आठला केंद्रावर हजर. इंजिनिअर चाळिशीतला, शांत. आधी कागद घेतले, अहवालाच्या पानांवर पेन्सिलीने खुणा करत गेला. अ‍ॅक्सलच्या भारांपाशी थांबला, माझा फार्त्सोइगशाइन शेजारी ठेवला, दोन्ही आकड्यांवर बोट टेकवलं आणि पान उलटलं. मग गाडी लिफ्टवर. स्प्रिंगवरचे क्रमांक टॉर्चने वाचले. चाकं लटकत असताना प्रत्येक स्प्रिंग हाताने धरून हलवून बघितली; ती जागच्या जागी दाबलेली राहिली पाहिजे, सैल होऊन खडखडली तर नापास. कडीपासून आट्यांच्या टोकापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजलं, अहवालात दिलेल्या हद्दीशी ताडलं. खाली आल्यावर एक पुढचं आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं मागचं चाक ठोकळ्यांवर चढवलं, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर कुठे घासतो का ते बघितलं. हेडलाइट यंत्रासमोर धरले, खालच्या कडेची उंचीही मोजली. ती जमिनीपासून किमान ५० सेंटीमीटर लागते, माझी आरामात होती. मग एक छोटी फेरी मारून आला.

"चाकं मूळचीच आहेत ना?" त्याने विचारलं. हो म्हटल्यावर पुढे गेला. बाहेरची अलॉय असतील तर लक्षात ठेवा : त्या चाकांचा परवाना बहुतेकदा मूळ सस्पेन्शन धरूनच दिलेला असतो, त्यामुळे दोन्ही बदल एकत्र तपासून घ्यावे लागतात. हिवाळी चाकं वेगळी असतील तर त्यांचाही प्रश्न आधीच विचारून घ्या. माझी हिवाळी चाकं कंपनीचीच आहेत, तेवढी कटकट वाचली.

सही झाली. ७८ युरो. हातात एक पानी दाखला, जो यापुढे गाडीत ठेवायचा. त्यावरच लिहिलेलं असतं की गाडीच्या कागदात नोंद लगेच करायची, की पुढच्या वेळी नोंदणी कार्यालयात काही काम निघेल तेव्हा. माझ्यावर दुसरा पर्याय होता, तरी मी लगेच करून टाकलं. पोलिसांपुढे सुटा कागद शोधत बसण्यापेक्षा हे बरं. त्सुलासुंगश्टेलेची, म्हणजे त्या नोंदणी कार्यालयाची, ऑनलाइन वेळ मिळायला तीन आठवडे लागले. सोबत दाखला, फार्त्सोइगशाइन, ओळखपत्र. गाडीचा मूळ दस्तऐवज, म्हणजे ब्रीफ, लागतो का ते वेळ घेतानाच बघून घ्या, प्रत्येक कार्यालयाची रीत निराळी. १४ युरोत नवा फार्त्सोइगशाइन मिळाला, खालच्या शेऱ्याच्या रकान्यात सस्पेन्शनची ओळ छापलेला.

एकूण बेरीज सव्वाबाराशे युरो. ५४९च्या संचाचे सव्वाबाराशे. लिफ्टवर हात काळे करायची तयारी नसेल तर मजुरीचे आणखी चारपाचशे धरा. एवढं असूनही महागड्या संचापेक्षा हे कमीच पडलं, कारण वरचा सगळा खर्च त्यालाही चुकत नाही. त्यामुळे संच घेताना शंभर-दीडशे वाचवण्यासाठी जीव टाकू नये असं माझं मत झालंय. अहवालातले भार जुळणारा आणि सुटे भाग पुढेही मिळतील असा संच घ्यावा.

चालवायला कशी? ऐंशीच्या वर झकास. लेन बदलताना आता अंग डोलत नाही, वळणावर गाडी नेमकी बसते. गावातल्या दगडी रस्त्यावर मात्र तीस-चाळीसच्या वेगाला शॉकअप कोरडे वाटतात, बारीकसारीक सगळं कळतं. महागड्या संचात फरक पडला असता तो इथेच. जूनमध्ये आईबाबा आले. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. बाबा मागे बसले, ट्युबिंगनला जाऊन आलो, आणि परतताना म्हणाले, "गाडी नवीन आहे म्हणतोस, मग एवढी कडक का रे?" आईला काही जाणवलं नाही, ती पुढे बसली होती. विजेचा खप कमी होतो असं सांगणारे भेटतात. माझ्या आकड्यांत हवामानाचा फरक त्याहून मोठा निघाला. त्या आशेने कुणी हे करू नये.

पहिल्या हजार किलोमीटरनंतर स्प्रिंगा किंचित बसल्या, दोनेक मिलिमीटर. अजूनही हद्दीत आहे, म्हणून कड्यांना हात लावला नाही. लावला आणि नोंदवलेली उंची बदलली तर तपासणी पुन्हा. ऑक्टोबरमध्ये हिवाळी चाकं चढवताना सगळे बोल्ट टॉर्क पान्याने बघून घेतले, उघडे आटे ब्रशने साफ केले आणि त्यावर मेणाचा स्प्रे मारला. स्वस्त संचावरचं लेपन पातळ असतं, मिठाने कड्या एकदा धरल्या की मग उंची बदलायचा विचारच सोडा. स्प्रेचा डबा नऊ युरोला येतो आणि दोन हिवाळे पुरतो.